चमकणाऱ्या पट्टीची बातमी छापताना हे आकडेही मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्यातले कीटकनाशक, औषधांचे अवशेष किंवा प्लास्टिकमधून झिरपलेले रसायन ओळखणाऱ्या चमकत्या पट्टीची बातमी वृत्तपत्रांत अधूनमधून येते. अतिनील दिव्याखाली पट्टी धरायची, तिचा रंग बदलला की पाण्यात प्रदूषक आहे असे समजायचे, आणि हे सगळे काही मिनिटांत, अब्जात एक भाग इतक्या सूक्ष्म प्रमाणातही. तंत्र खरे आहे आणि त्यावर मन लावून काम करणारे लोक जगभर आहेत. पण बातमीतून नेमका जो भाग गळतो, त्यावरच ही पट्टी उपयोगाची आहे की नाही हे ठरते. तो भाग वाचकांपुढे यावा म्हणून हे पत्र.

या पट्टीत दोन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पहिली म्हणजे क्वांटम डॉट, अर्धवाहक पदार्थाचा साधारण दोन ते दहा नॅनोमीटरचा स्फटिक. पदार्थ तोच ठेवून नुसता आकार बदलला तरी त्याच्या उजेडाचा रंग बदलतो. कॅडमियम सेलेनाइडचा दोन नॅनोमीटरच्या आसपासचा कण निळसर चमकतो, सहा नॅनोमीटरचा लाल. या शोधासाठी अलेक्सी एकिमोव्ह, लुई ब्रूस आणि मुंगी बावेंडी यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण डॉटला निवड करता येत नाही. तांबे, पारा आणि चांदीचे आयन त्याचा उजेड घालवतात, आम्लता बदलली तरी तो मंदावतो, तापमान वाढले तरी मंदावतो. म्हणून दुसरी गोष्ट लागते, ती म्हणजे ठसा घेतलेले पॉलिमर. जो रेणू शोधायचा त्याच्याभोवतीच पॉलिमर घडवायचे, मग तो रेणू धुऊन काढायचा. मागे त्याच्या आकाराची आणि त्याच्या रासायनिक गटांना जुळणारी पोकळी राहते. पुढे तोच रेणू पाण्यातून येऊन पोकळीत बसला की शेजारच्या डॉटचा उजेड कमी होतो, क्वचित वाढतो, आणि तो फरक मोजायचा. ठशाची कल्पना डॉटपेक्षा बरीच जुनी आहे. रसायनशास्त्रज्ञ पोल्याकोव्ह यांनी १९३१ मध्येच सिलिकामध्ये अशी ‘स्मृती’ दिसल्याचे नोंदवले होते. १९७२ पासून ग्युंटर वुल्फ आणि पुढे क्लाउस मोसबाख यांनी ती सेंद्रिय पॉलिमरमध्ये पक्की केली.

हे कण तयार कसे होतात ते थोडे तपशिलात सांगतो, कारण पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच निघतात.

विषारी कॅडमियम टाळायचे तर मँगनीज मिसळलेले झिंक सल्फाइड ही चांगली निवड आहे. ०.०४ मोलर मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्ल ५० मिलिलिटर, त्यात ०.१ मोलर झिंक सल्फेट ५ मिलिलिटर आणि ०.०१ मोलर मँगनीज क्लोराइड १.५ मिलिलिटर. म्हणजे मँगनीज झिंकच्या ३ टक्के झाले. सोडियम हायड्रॉक्साइडने सामू ११ वर आणायचा, अर्धा तास आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडून हवा काढायची, आणि मग ०.१ मोलर सोडियम सल्फाइड ५ मिलिलिटर थेंबथेंब घालायचे. घाईने ओतले तर कणांच्या आकारात मेळ राहत नाही आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. वीसेक मिनिटे ढवळून मिश्रण ५० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवले की पृष्ठभाग सावरतो आणि उजेड वाढतो. इथेनॉल घालून कण खाली आणायचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे, धुवायचे, निर्वातात सुकवायचे. मँगनीज वाढवले की उजेडही वाढेल असे वाटते, पण एका मर्यादेनंतर शेजारशेजारचे मँगनीज आयन ऊर्जा आपसांतच फिरवतात आणि उजेड उलट घटतो.

या कणांचा नारिंगी उजेड ५९० नॅनोमीटरच्या आसपास पडतो आणि दिवा विझल्यावरही मिलिसेकंदाच्या हिशेबात टिकतो. पाण्यातल्या सेंद्रिय गाळाची स्वतःची चमक नॅनोसेकंदांतच संपते. त्यामुळे दिव्याच्या झटक्यानंतर क्षणभर थांबून मोजले की गाळाची चमक आपोआप वगळली जाते. फायदा मोठा आहे, पण त्याची किंमतही आहे. या कणांना उत्तेजित करायला ३०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश लागतो. सहज मिळणारा ३६५ नॅनोमीटरचा दिवा इथे फारसा चालत नाही, आणि साधी काच किंवा प्लास्टिकची क्युव्हेटही (नमुना ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) नाही, क्वार्ट्झचीच लागते. ‘खिशात मावणाऱ्या’ उपकरणाची बातमी वाचताना हा मुद्दा विचारण्यासारखा आहे.

आता ठसा. उदाहरणासाठी २,४-डी हे तणनाशक घेऊ. साचा म्हणून वापरायचा रेणू, त्याला धरणारा घटक आणि जाळे विणणारा घटक यांचे १ : ४ : २० हे मोलमधले प्रमाण सुरुवातीला बरे पडते. म्हणजे ०.१ मिलिमोल २,४-डी सुमारे २२ मिलिग्रॅम, ०.४ मिलिमोल अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सिसायलेन सुमारे ९४ मायक्रोलिटर, आणि २ मिलिमोल टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट सुमारे ४४७ मायक्रोलिटर. २,४-डी आणि अमिनो-सायलेन आधी इथेनॉलमध्ये अर्धा तास एकत्र ढवळायचे, म्हणजे आम्लाचा गट आणि अमाइनचा गट एकमेकांना धरतात. मग डॉट, मग ऑर्थोसिलिकेट, शेवटी थोडा अमोनिया. रात्रभर ढवळायचे. डॉटच्या पृष्ठभागाला आधी मर्कॅप्टो-सायलेनचा हात दिलेला नसेल, तर सिलिका वेगळी वाढते आणि डॉट वेगळे राहतात. धुताना डॉट निघून जातात आणि हाती उरते न चमकणारी पांढरी पूड. अमिनो-सायलेन ‘जास्त असलेले बरे’ म्हणून वाढवले तर साच्याशी न जोडलेले मोकळे अमाइन गट सगळीकडे राहतात आणि समोर येईल ते आम्ल धरतात. पकड वाढते, निवड जाते.

डॉटभोवती वाढलेल्या या ठसा घेतलेल्या सिलिकाच्या कवचाची जाडी हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग. पोकळीतल्या रेणूकडे डॉटमधून इलेक्ट्रॉन उडी मारणार असेल, तर ती उडी एक-दोन नॅनोमीटरच्या पलीकडे झपाट्याने दुर्मीळ होते. कवच जाड झाले की बाहेरच्या थरातल्या पोकळ्या भरतात, पण आत खोल बसलेल्या डॉटला त्याचा पत्ताच लागत नाही. शिवाय रेणूला आत शिरायला वेळ लागतो आणि ‘काही मिनिटांत’चा अर्धा-पाऊण तास होतो. उलट कवच फार पातळ ठेवले तर पोकळ्या नीट घडत नाहीत, डॉट उघडा पडतो आणि पाण्यातले तांबे थेट त्याचा उजेड घालवते. मग पट्टी तणनाशकाऐवजी जुन्या नळाच्या तोटीची खबर देते. ऑर्थोसिलिकेटचे प्रमाण आणि वेळ बदलत तीन-चार कवचे करून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जाडी पाहून आणि प्रत्येकाची संवेदनशीलता मोजूनच मधली जागा सापडते. त्याला दुसरा रस्ता नाही.

आता धुण्याविषयी. बातमीत याचा उल्लेख कधीच नसतो, आणि प्रयोगातही इथेच हात आखडता घेतला जातो. वरच्या हिशेबात साच्यासाठी २२ मिलिग्रॅम २,४-डी घातले. त्यातले ९९ टक्के धुऊन निघाले असे धरू. ऐकायला उत्तम वाटते. उरलेला १ टक्का म्हणजे २२० मायक्रोग्रॅम. तयार कण साधारण १६० मिलिग्रॅम भरतील, म्हणजे प्रत्येक मिलिग्रॅम कणात सुमारे १.४ मायक्रोग्रॅम २,४-डी अडकून राहिले. चाचणीत १ मिलिलिटर पाण्यात ०.१ मिलिग्रॅम कण टाकले आणि अडकलेले सगळे सुटले, तर ते लिटरला सुमारे १४० मायक्रोग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली २,४-डीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. युरोपीय संघात कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम. अडकलेल्यापैकी दहावा हिस्सा सुटला तरी कोऱ्या, शुद्ध पाण्यात कणांभोवती १४ मायक्रोग्रॅम आधीच फिरत असते. त्यात ०.१ चा फरक दिसणार कसा?

म्हणून धुण्याचे पाणी प्रत्येक वेळी तपासावे लागते. २,४-डी २८३ नॅनोमीटरच्या आसपास शोषते, पण नुसत्या शोषकतेवर विसंबू नये. शेवटची दोन-तीन धुणी क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) घालावीत. दुसरा उपाय अधिक चांगला. साचा म्हणून मूळ रेणू न वापरता त्याचा जवळचा भाऊबंद वापरायचा, इथे फिनॉक्सिअ‍ॅसेटिक आम्ल. मग गळती झाली तरी ती शोधायच्या रेणूची नसते. क्लोरीनचे अणू नसल्यामुळे पोकळी थोडी लहान आणि पकड थोडी सैल राहते, तेवढे सोसावे.

ठसा खरोखर काम करतो का, हे फक्त एकाच तुलनेतून कळते. तीच कृती, तीच प्रमाणे, फक्त साचा न घालता केलेले जुळे कण. दोन्हींचा उजेड वाढत्या प्रमाणाबरोबर कसा बदलतो ते काढायचे. आधीचा उजेड भागिले नंतरचा उजेड, हे गुणोत्तर प्रमाणासमोर मांडले की सरळ रेष येते. ठसा असलेल्या कणांच्या रेषेचा उतार जुळ्यांच्या उतारापेक्षा किती पट आहे, तो ठशाचा गुणांक. तो जेमतेम दीड असेल तर बहुतेक काम पृष्ठभागावर चिकटण्याचे आहे, ठशाचे नाही. हा एक आकडा बातमीत आला तरी वाचकाला पुष्कळ कळेल.

तरीही एक फसवणूक उरते. उजेड कमी झाला म्हणजे डॉट विझला असे नव्हे; मधल्या पाण्याने प्रकाश गिळला असेल. ४-नायट्रोफिनॉल हे याचे नमुनेदार उदाहरण. सामू ७ च्या वर ते पिवळे होते आणि ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जोरात शोषते. कॅडमियम टेल्युराइडचे डॉट त्याच प्रकाशाने उत्तेजित करत असाल तर दिव्याचा प्रकाश डॉटपर्यंत पोचतच नाही. आकडे सुंदर सरळ रेषेत येतात, ठशाचा त्यात काहीही हात नसतो. तपासायचे कसे? द्रावणाची शोषकता उत्तेजनाच्या आणि उत्सर्जनाच्या अशा दोन्ही तरंगलांबींवर मोजावी. दोन्ही ०.१ च्या खाली असतील तर बरे. नसतील तर दोहोंची बेरीज निम्मी करून १० चा तितकावा घात काढावा आणि मोजलेल्या उजेडाला त्याने गुणून दुरुस्ती करावी. त्यानंतरही उजेड घटलेला दिसला, तरच पुढे बोलावे. उजेडाचा आयुःकाल, म्हणजे दिवा विझल्यावर तो किती वेळ टिकतो ते, मोजता आला तर आणखी चांगले. इलेक्ट्रॉनची किंवा ऊर्जेची देवाणघेवाण होत असेल तर आयुःकाल घटतो. पाण्याने प्रकाश गिळला असेल तर तो तसाच राहतो.

निवडकतेच्या दाव्याबद्दल आमची तक्रार जुनी आहे. ‘इतर पदार्थांना प्रतिसाद नाही’ असे लिहिलेले असते आणि ते इतर पदार्थ म्हणजे ग्लुकोज, सोडियम, पोटॅशियम. हे कोणत्याही पोकळीत बसणार नव्हतेच. ओल्या सिमेंटमध्ये उमटलेल्या पावलात हत्तीचा पाय बसत नाही हे सांगून काय उपयोग. शेजाऱ्याचे पाऊल बसते का, हा प्रश्न आहे. २,४-डीचा शेजारी म्हणजे एमसीपीए हे तणनाशक. दोहोंत फरक एवढाच की एका क्लोरीनच्या जागी मिथिल गट आहे, आणि दोन्हींचा आकार जवळपास सारखा. २,४,५-टी आणि डायक्लोरप्रॉप हेही जवळचे. चाचणी यांच्याशी व्हायला हवी, तीही एकेकट्याने नव्हे तर एकाच पाण्यात मिसळून. प्रामाणिक उत्तर पुष्कळदा असे येते की पट्टी एका रेणूला नव्हे, त्याच्या कुटुंबाला ओळखते. त्यात कमीपणा काहीच नाही. गाळणी म्हणून तेही फार कामाचे आहे, फक्त तसे लिहावे.

पाणी कोणते वापरले, हा पुढचा प्रश्न. ठसा इथेनॉलमध्ये घेतलेला असतो, तिथे हायड्रोजन बंध पाण्यातल्यापेक्षा घट्ट राहतात. पाण्यात पाण्याचेच रेणू त्या बंधांच्या जागा अडवतात. २,४-डीच्या बाबतीत विद्युतभाराचे आकर्षण मदतीला येते, कारण त्याचा पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू आपला हायड्रोजन आयन सोडतात तो आकडा) २.७ च्या आसपास आहे. साध्या पाण्यात ते ऋणभारित असते आणि अमाइन धनभारित. पण खारट पाण्यात क्लोराइड आणि सल्फेट त्याच जागांसाठी भांडतात. आसुत पाण्यातला देखणा आलेख विहिरीच्या जड पाण्यात आडवा होतो तो यामुळे. नदीच्या पाण्यातली ह्युमिक द्रव्ये (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी) अतिनील प्रकाश शोषतात आणि स्वतः निळसर चमकतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी गोंधळ. नमुना गाळून, सामू बांधून घेऊन, त्यात ठाऊक प्रमाणात २,४-डी घालून ते किती परत दिसते हे पाहायला हवे. ८० ते १२० टक्के परतावा आला तर साधारण समाधान मानतात. परतावा सतत कमी येत असेल तर त्याच नमुन्यात टप्प्याटप्प्याने भर घालून मोजावे, आसुत पाण्यात काढलेला आलेख तिथे लावू नये.

आणि एकके. शोधनिबंधात प्रमाण लिटरला मायक्रोमोलमध्ये असते, कायद्यात लिटरला मायक्रोग्रॅममध्ये. बातमीत दोन्ही आकडे शेजारी येत नाहीत म्हणून चूक लपते. समजा शोधमर्यादा लिटरला ०.१ मायक्रोमोल सांगितली. २,४-डीचा रेणुभार २२१, म्हणजे ती लिटरला २२ मायक्रोग्रॅम. ३० च्या खाली आहे, म्हणजे झाले? नाही. शोधमर्यादा ही कोऱ्या नमुन्याच्या चढउताराच्या तिपटीवर काढतात. तिथे ‘काहीतरी आहे’ इतकेच म्हणता येते. ‘किती आहे’ हे सांगायला त्याच चढउताराची दहापट धरतात, म्हणजे इथे ७० च्या पुढे. ३० ची मर्यादा ओलांडली की नाही हे ही पट्टी सांगू शकणार नाही, युरोपच्या ०.१ चे तर नावच नको. त्यातही तो चढउतार एकाच खेपेत बनवलेले कण पुन्हा पुन्हा मोजून काढलेला असतो. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या चार-पाच खेपांमधला फरक यापेक्षा मोठा निघतो, आणि पट्टी विकत घेणाऱ्याच्या वाट्याला तोच येणार.

पट्टीबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. एकाच रंगाचा उजेड दहा-पंधरा टक्क्यांनी उतरला तर डोळ्याला ते ओळखता येत नाही. म्हणून दोन रंगांची रचना करतात. सिलिकाच्या गाभ्यात बंद केलेला लाल डॉट कशालाच प्रतिसाद देत नाही, बाहेरच्या थरातला हिरवा देतो. हिरवा उतरला की पट्टी हिरवी-पिवळी-लाल अशी सरकते, आणि दिवा थोडा कमीजास्त झाला तरी गुणोत्तर टिकते. बातमीतली पट्टी एकरंगी असेल आणि ‘नुसत्या डोळ्यांनी’ असा दावा असेल, तर शंका घ्यावी. दुसरे म्हणजे कागद. छपाईच्या कागदात शुभ्रतेसाठी घातलेली द्रव्ये अतिनील प्रकाशात स्वतःच निळी चमकतात, गाळणकागद वापरावा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोजायचे तर बंद काळी पेटी हवी, प्रकाशमान आणि रंगसंतुलन हाताने पक्के करायला हवे आणि प्रत्येक फोटोत एक स्थिर संदर्भपट्टी हवी. नाहीतर कॅमेरा आपला शहाणपणा करून नेमका तोच फरक पुसून टाकतो जो मोजायचा आहे.

कॅडमियमचे डॉट वापरलेले असतील तर आणखी एक जबाबदारी येते. पिण्याच्या पाण्यात कॅडमियमची जागतिक मार्गदर्शक मर्यादा लिटरला ३ मायक्रोग्रॅम आहे, आणि आम्लात हे डॉट विरघळून कॅडमियम सोडतात. पट्टी पिण्याच्या भांड्यात कधीही बुडवू नये. नमुना वेगळा काढून त्यात बुडवावी, आणि वापरलेली पट्टी व पाणी दोन्ही जड धातूंच्या कचऱ्यात वेगळे साठवावे. हे वेष्टनावर लिहिलेले नसेल तर ते उत्पादन अपुरे आहे.

आमची विनंती एवढीच, की अशी बातमी देताना वार्ताहराने संशोधकांना पाच गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे बातमीत द्यावीत: ठशाचा गुणांक किती, जवळच्या भाऊबंदांपुढे पट्टी कशी वागली, खऱ्या पाण्यातला परतावा किती, ‘किती आहे’ हे सांगण्याची मर्यादा कायद्याच्या एककात किती, आणि वेगवेगळ्या खेपांत फरक किती. चांगले काम करणाऱ्या संशोधकांकडे ही उत्तरे तयार असतात, आणि ती छापून आली तर त्यांनाच बळ मिळेल.

ज्यांच्या हाती अशी पट्टी आधीच आली आहे त्यांच्यासाठी: रंग बदलला तर घाबरून निष्कर्ष काढू नये. त्याच पाण्यात दुसरी पट्टी बुडवावी, सोबत एक पट्टी आसुत पाण्यात आणि एक, संचासोबत प्रमाणित द्रावण दिलेले असल्यास, त्यात. तिन्ही अपेक्षेप्रमाणे वागल्या तर नमुना तपकिरी काचेच्या स्वच्छ बाटलीत भरून, ४ अंशांच्या आसपास थंड ठेवून, द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापन करणाऱ्या प्रयोगशाळेत लवकरात लवकर पोचवावा. बाटलीवर नमुना घेतल्याची वेळ, जागा आणि पट्टीचा खेप क्रमांक लिहावा. पट्टी आणि प्रयोगशाळेचा निकाल यांत तफावत आली तर तो क्रमांक बनवणाऱ्यांना कळवावा. दोष कोणत्या टप्प्यात शिरला हे शोधायला त्यांना तोच लागतो.

आपले,
पाण्याच्या रासायनिक विश्लेषणाचे काम करणारे काही वाचक